वडिलोपार्जित माळरान विकण्यापूर्वी

बालाघाटाच्या माथ्यावरील जमीन आपल्या बीड जिल्ह्यात आजवर कोणी फारशी मोलाची मानली नाही. वीतभर माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा फत्तर. पाऊस झाला तर बाजरी, हुलगा किंवा मटकी, न झाला तर शेळ्यांना चराई. भावाभावांच्या वाटणीत ज्याचे काही चालत नाही त्याच्या वाट्यास हा तुकडा यावयाचा, आणि बहिणीचा हिस्सा निघालाच तर "त्या खडकाचे तू काय करणार?" असे म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घ्यावयाचे, असा रिवाज चालत आला. गेल्या काही वर्षांत मात्र याच माळरानास गिऱ्हाईक येऊ लागले आहे. पाटोदा, आष्टी, केज, बीड या तालुक्यांतील माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. सौरऊर्जेच्या प्रकल्पांसाठी सलग पडीक जमिनीची विचारणा होते. रस्त्यांच्या कामांसाठी मुरूम हवा असतो तोही येथलाच. ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते तिचे रोख पैसे मिळत असतील तर विकून मोकळे व्हावे, असे वारसांना वाटल्यास नवल नाही.

जमीन विकावी की विकू नये हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. परंतु आपण नेमके काय विकत आहोत, हे विकणाऱ्यास आधी कळले पाहिजे. घेणाऱ्यास ते कळलेले असते. तो वारा मोजून, नकाशे पाहून, उपकेंद्र किती अंतरावर आहे याची चौकशी करून मगच आपल्या बांधावर येतो. वारसास ठाऊक असते ते एवढेच की, आजोबांच्या वेळेपासून या रानाने कधी पोटभर दाणा दिला नाही. सौद्यातील तोटा बहुधा या अज्ञानातूनच होतो.

प्रथम जमिनीखाली काय आहे व ते कोणाचे, हे पाहू. कारण या विषयावर गावोगाव पुष्कळ गैरसमज ऐकू येतात. अमेरिकेतील शेतकरी जमिनीखालच्या नैसर्गिक वायूवर श्रीमंत झाल्याच्या कथा आता भ्रमणध्वनीवर आपल्या गावांतही पोहोचल्या आहेत. त्या कथा सर्वस्वी खोट्या नाहीत. त्या देशात जमिनीचा पृष्ठभाग व तिच्या पोटातील खनिजे यांची मालकी निरनिराळी करता येते. आजोबांनी शेत विकताना खालच्या वायूचा हक्क राखून ठेवला असेल, तर तो वारसाहक्काने नातवंडांकडे येतो. पेनसिल्व्हेनिया राज्यात २००४ नंतर मार्सेलस नावाच्या खडकाच्या थरातून वायू काढणे साधले, तेव्हा कंपन्यांचे दलाल दारोदार फिरले. ज्यांनी आरंभीच सह्या केल्या त्यांना एकरी थोडेथोडके डॉलर मिळाले. जे थांबले आणि शेजाऱ्यांशी मिळून बोलले, त्यांना २००८ पर्यंत एकरी हजारो डॉलरांचा भाव मिळाला. शिवाय निघालेल्या वायूच्या उत्पन्नाचा किमान अष्टमांश हिस्सा मालकास दिलाच पाहिजे, असा त्या राज्याचा १९७९ पासूनचा कायदा आहे. एकाच रानातील, एकाच थरातील वायूची किंमत चार वर्षांत अशी पालटली. वायू तोच होता, फक्त त्याची माहिती आधी एकाच पक्षाकडे होती.

आपल्याकडील कायदा मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम ४८ अन्वये, पूर्वीपासून चालत आलेले कोणाचे विशेष हक्क वगळता, सर्व खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे राखून ठेवलेला आहे. नैसर्गिक वायू व खनिज तेल यांच्यासाठी १९४८ चा तेलक्षेत्रांचा स्वतंत्र कायदा आहे, आणि नैसर्गिक वायू हा केंद्राच्या अखत्यारीतील विषय असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. म्हणजे उद्या एखाद्याच्या शेताखाली वायू निघाला तरी शेतकऱ्यास मिळेल तो पृष्ठभाग वापरल्याचा व नुकसानीचा मोबदला. वायूचे मोल शासनाचे. वायूची वाहिनी शेतातून गेली, तर १९६२ च्या कायद्याने जमीन मालकाचीच राहते. वापराच्या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम व पिकाझाडांच्या नुकसानीची भरपाई मिळते, आणि त्या पट्ट्यात पुढे घर बांधता येत नाही, विहीर खोदता येत नाही, झाड लावता येत नाही.

काही मंडळी सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जुलै २०१३ च्या निकालाचा हवाला देऊन "आता खनिज शेतकऱ्याचेच झाले" असे सांगतात. तो निकाल केरळातील जन्मी पद्धतीच्या जमिनींसंबंधी होता, आणि जेथे कोणत्याही कायद्याने खनिजाचा हक्क मालकाकडून काढून घेतलेला नाही तेथे तो मालकाचा, असे त्याचे सार आहे. महाराष्ट्रात कलम ४८ लागू आहे, हे विसरून त्या निकालावर स्वप्ने रचू नयेत. शिवाय बीड जिल्ह्याची भूमी दख्खनच्या लाव्हारसाच्या पाषाणाची आहे. शेजारच्या लातूर जिल्ह्यात किल्लारी येथे १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटर खोल वेध घेण्यात आला, तेव्हा सुमारे ३३८ मीटरपर्यंत हाच काळा पाषाण आणि त्याखाली अतिप्राचीन स्फटिकी खडक लागला. तेव्हा "तुमच्या रानाखाली गॅस आहे, आधी एवढे पैसे भरा" असे सांगणारा कोणी आला, तर त्यास चहा पाजून वाटेस लावावे.

मग शेतकऱ्याच्या हाती उरते काय? पुष्कळ उरते. खनिज शासनाचे असले तरी त्यापर्यंत जाण्याची वाट शेतकऱ्याच्या रानातून जाते आणि ती त्याच्या संमतीवाचून उघडत नाही. मुरूमाचेच उदाहरण घेऊ. "तुमचे रान उंचसखल आहे, मुरूम काढून नेतो आणि सपाट करून देतो, तुम्हांस खर्च काही नाही," असे सांगत एखादा ठेकेदार येतो. शेतकऱ्यास ते उपकारासारखे वाटते. आता हिशेब पाहा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास. एक फूट खोल खोदले तरी एकरी ४३५ ब्रास मुरूम निघतो, तीन फूट खोदले तर १,३०६ ब्रास. शासनाचे स्वामित्वधन ठेकेदाराने भरावयाचे ते वेगळे. परंतु आपल्या तालुक्यात एक ब्रास मुरूम जागेवर पोहोच किती रुपयांस पडतो, हे कोणत्याही घर बांधणाऱ्यास विचारावे आणि त्या आकड्याने १,३०६ ला गुणून पाहावे. म्हणजे फुकट सपाटीकरण कोणास किती फुकट पडले, ते ध्यानी येईल.

येथे कृषी खात्याचा माणूस म्हणून आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, कारण ती महसुली हिशेबात कोठेच येत नाही. मुरूमाचा थर हा आपल्या माळरानाची पाण्याची पेटी आहे. पावसाचे पाणी वीतभर मातीतून उतरून याच भुसभुशीत थरात साठते व खालच्या विहिरींना पुरते. तो थर खरवडून खाली फत्तर उघडा पाडला, तर वरच्या रानात गवतही धड येत नाही आणि उतारावरच्या शेजाऱ्याची विहीर आटते. तरीही मुरूम द्यावयाचाच असेल, तर निदान वरची माती प्रथम बाजूला ढीग करून ठेवावी व काम संपल्यावर पुन्हा पसरावी, एवढी अट लेखी घालावी. आणि परवान्याची प्रत स्वतः पाहिल्याशिवाय यंत्र रानात शिरू देऊ नये. विनापरवाना उत्खननास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड करता येतो. यंत्र निघून जाते, रान मात्र जागच्या जागी असते, आणि दंडाचा बोजा सातबारावर चढला की तो उतरविण्यासाठी हेलपाटे शेतकऱ्यासच घालावे लागतात.

आता जमिनीच्या वरचे पाहू. वारा आणि ऊन यांवर शासनाने हक्क राखून ठेवलेला नाही. ते ज्याच्या रानावरून वाहते, ज्याच्या रानावर पडते, त्यास त्या जागेचे भाडे मागता येते. जिल्ह्याचे खरे 'खनिज' माझ्या मते हेच आहे, आणि ते उपसल्याने संपत नाही.

हिशेबासाठी दोन मेगावॉट क्षमतेची एक पवनचक्की घ्या. वारा नेहमी सारखा नसतो म्हणून ती सरासरीने पाव क्षमतेने चालली असे धरू. वर्षाचे ८,७६० तास. या हिशेबाने तिची वीज वर्षाला ४३ लाख ८० हजार युनिट होते. युनिटास तीन रुपये धरले तर १ कोटी ३१ लाख ४० हजार रुपये. यंत्र, पाया, रस्ता, तारा यांवर कंपनीने कोट्यवधी रुपये घातलेले असतात, कर्जाचे व्याज असते, म्हणून यातील मोठा वाटा मागणे रास्त नाही. परंतु शंभरातील एक रुपया म्हटला तरी तो वर्षाला १ लाख ३१ हजारांवर जातो, आणि चक्की वीस-पंचवीस वर्षे चालावयाची असते. दर व क्षमता मी उदाहरणादाखल धरली आहे. प्रत्यक्ष आकडे कंपनीकडून लेखी मागावेत. एकदाच हातावर ठेवलेली रक्कम मोठी की लहान, हे असा हिशेब समोर असल्याशिवाय ठरविता येत नाही.

सौरऊर्जेच्या बाबतीत तर शासनानेच एक माप घालून दिले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये जमिनीचे भाडे हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ असे ठरविण्यात आले. एकरी हे पन्नास हजारांच्या आसपास येते. करार तीस वर्षांचा धरल्यास तिसाव्या वर्षीचे भाडे हेक्टरी २ लाख ९४ हजारांवर जाते आणि तीस वर्षांची बेरीज सुमारे ५९ लाख ४७ हजार होते. तीस वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत आजच्या रुपयाएवढी राहणार नाही, हे खरे आहे. तरीही खाजगी दलाल सलग माळरानास एकरी काही हजार अधिक देऊन कायमचे खरेदीखत मागू लागला, तर ही बेरीज त्याच्यापुढे ठेवावी. प्रत्येक रान या योजनेत बसेल असे नाही, त्यास उपकेंद्राची जवळीक लागते. परंतु भावाच्या बोलणीत हे माप आपल्या हाती असणे पुरेसे आहे.

या डोंगरांतील पैसा आता लहान राहिलेला नाही. केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांची ९ डिसेंबर २०२४ रोजी हत्या झाली. तपास यंत्रणेने आपल्या आरोपपत्रात ती पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी जोडली आणि प्रकरण न्यायालयापुढे गेले. त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. परंतु जेथे इतरांस एवढी मोठी रक्कम दिसते, तेथे जमिनीच्या मालकानेच तिला खडक म्हणत राहावे, हे योग्य नव्हे.

किंमत कळून भागत नाही. मालक कोण, हेही आधी ठरावे लागते. मराठवाड्यात हा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामकाळाचे कागद उर्दूत आहेत आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक हे पुढच्या नोंदींचे मूळ आहे. जमीन इनामी होती काय, मदतमाश किंवा खिदमतमाश होती काय, कुळकायद्याने मिळालेली आहे काय, सातबारावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा आहे काय, हे पाहिल्यावाचून सौदा करू नये. अशा जमिनीचे व्यवहार सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय टिकत नाहीत, आणि घेतलेली रक्कम खर्च झाल्यावर ते कळले तर फार उशीर झालेला असतो.

कित्येक सातबारांवर आजही दिवंगत आजोबांचे नाव असते. वारसाने मिळालेल्या हक्काची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) द्यावी, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पीककर्ज अडले किंवा गिऱ्हाईक आले की मगच धावाधाव होते. आणि घाईच्या नोंदीत गळतात त्या बहिणी. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ मध्ये झालेल्या सुधारणेने मुलगी जन्मतःच मुलाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत सहहिस्सेदार आहे. सुधारणेच्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी सांगितले आहे. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला तर त्यास कोणाची हरकत नसावी. परंतु भावास पवनचक्कीचा दलाल भेटून गेला आहे आणि बहिणीस ते ठाऊक नाही, अशा वेळी राखीच्या सणास बोलावून घेतलेली सही मला तरी स्वखुशीची वाटत नाही. अशी हक्कसोडपत्रे पुढे न्यायालयात जातात, प्रकल्पाचे भाडे अडकून पडते, आणि वकिलांशिवाय कोणाचे भले होत नाही.

आणखी एका काळाकडे ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी लक्ष द्यावे. आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल फेडावयाची असते, घरात लग्न असते, आणि गाडी निघण्याच्या आदल्या दिवशी दलाल कुलमुखत्यारपत्राचा कागद पुढे करतो. "तुम्ही तिकडे असाल, येथे कोणी तरी सही करावयास हवे ना?" हा त्याचा युक्तिवाद असतो. मुखत्यारपत्र म्हणजे आपला हात कापून दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय. कोऱ्या कागदावरील सही व विक्रीचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र ही दोन्ही, कितीही अडचण असली तरी, टाळावीत. अडलेल्या माणसाने थांबावे कसे, असे कोणी विचारील, आणि तो प्रश्न खोटा नाही. परंतु सगळी जमीन विकण्याऐवजी थोडी विकणे, विकण्याऐवजी मुदतीने भाड्याने देणे, किंवा भाड्याची पहिली दोन वर्षांची रक्कम आगाऊ मागणे, हे मार्ग त्याच्यापुढे कोणी मांडतच नाही. ते मांडणे हे आपले काम आहे. "हा महसूल खात्याचा विषय, आपण बियाणे-खतांपुरते बोलावे" असे म्हणणारे सहकारी मला भेटतात. ज्याच्या नावावर जमीनच उरली नाही त्यास सुधारित बियाणे देऊन काय उपयोग, हे त्यांनी सांगावे.

गावातील भाव काढण्याची रीत सोपी आहे. रेडीरेकनर हा मुद्रांक शुल्कासाठीचा दर आहे, त्यास बाजारभाव समजू नये. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सूची क्रमांक दोन पाहावयास मिळते. तीत गेल्या तीन वर्षांत गावात कोणते गट कोणत्या किमतीस विकले गेले ते कळते. यात एक मेख आहे. शुल्क वाचावे म्हणून पुष्कळ जण खरेदीखतात कमी किंमत लिहितात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात मोबदला ठरविताना मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांतील चढ्या किमतींच्या निम्म्या खतांची सरासरी धरतात. म्हणजे रेल्वे, रस्ता वा तलावासाठी जमीन जावयाची वेळ आली, की एकाने लपविलेल्या रुपयाची झळ सबंध गावास लागते. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वेमार्गासाठी ज्या गावांच्या जमिनी गेल्या, त्यांना सरासरी या शब्दाचा अर्थ कोणी शिकवावा लागत नाही.

पाणी व झाडे यांचीही किंमत वेगळी लावावी. सामाईक विहिरीतील पाळी जमिनीबरोबर जाते की राहते, हे खतात स्पष्ट लिहिले नाही तर पुढे दरवर्षी उन्हाळ्यात भांडण ठरलेले. डोंगरउतारावर आपोआप वाढलेली सीताफळाची झाडे कोणी मोजतही नाही. बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चक्कीच्या पायाभोवतीची व रस्त्याबाहेरची जागा कुंपणात न घेता मालकास वहितीस मोकळी ठेवावी, अशी अट करारात असेल तर भाडेही मिळते आणि फळही.

भाडेकराराच्या मसुद्यात मुदत, दरवर्षीची वाढ आणि कंपनी बदलल्यास भाड्याची जबाबदारी कोणावर, ही कलमे बहुतेक जण वाचतात. शेवटचे पान मात्र वाचले जात नाही, आणि मुदत संपल्यावर काय करावयाचे ते तेथेच लिहिलेले असते. चक्कीचा सिमेंटचा पाया जमिनीत तसाच सोडून द्यावयाचा की काढावयाचा, किती फुटांपर्यंत, कोणाच्या खर्चाने, आणि त्यासाठी आजच काही ठेव ठेवावयाची काय, हे ठरलेले नसेल तर नातवाच्या वाट्यास नांगर न चालणारा चौथरा येईल. करार नोंदणीकृत असावा आणि त्याची मराठी प्रत घरात राहावी.

मसुदा समजत नसल्यास प्रत्येक तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती आहे. १९८७ च्या कायद्यान्वये स्त्रियांना, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळतो. जाताना चालू सातबारा, आठ-अ, खासरा पत्रकाची नक्कल, वारसांचे सर्व फेरफार आणि कंपनीने दिलेला मसुदा, जसा दिला तसा, सहीशिवाय बरोबर न्यावा.